जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार : थोडक्या पैशांत काय बदलावे, काय तसेच ठेवावे
जव्हार-मोखाड्यातील संगणकधारकांसाठी एक मार्गदर्शिका

जव्हार, प्रतिनिधी

घरातील वा कार्यालयातील टेबलावरचा संगणक आठ-दहा वर्षांचा झाला, की तो सुरू करून चहा करायला जावे आणि परत यावे तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असावे, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी नवा संगणक घ्यावा किंवा आहे तो रखडत वापरावा, असे दोनच मार्ग उरतात, हा समज मात्र चुकीचा आहे. मोजके सुटे भाग बदलून जुना डेस्कटॉप आणखी तीन-चार वर्षे समाधानाने वापरता येतो. कोणता भाग आधी बदलावा, तो आपल्या मदरबोर्डला चालेल काय आणि कोणत्या टप्प्यावर खर्च थांबवावा, या तीन प्रश्नांची उत्तरे बाजारात जाण्यापूर्वी हाती असली म्हणजे झाले.

ही पूर्वतयारी शहरात सोयीची ठरते. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत ती अपरिहार्य ठरते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही डोंगराळ आदिवासी तालुके नव्या जिल्ह्यात आले. परंतु संगणकाच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आजही दूरच आहे. एकीकडे त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक, तर दुसरीकडे मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. या दोन्ही तालुक्यांच्या गावांत रेल्वे पोहोचलेली नाही. एसटीने पालघर गाठून किंवा खोडाळ्याहून कसारा गाठून लोकल पकडावी लागते. म्हणजेच न जुळणारी एक रॅम आणली, तर ती बदलण्यासाठी पुन्हा एक दिवस आणि पुन्हा भाडे. कमी किमतीच्या भागाची खरी किंमत अशा वेळी दुप्पट होते.

संगणकावर येथे काय काय अवलंबून आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आश्रमशाळा आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, एमएस-सीआयटीचे वर्ग, आपले सरकार सेवा केंद्रे, झेरॉक्सची दुकाने, ग्रामपंचायतींची कार्यालये या सर्वांचा भार बऱ्याचदा एखाद-दुसऱ्या जुन्या यंत्रावर असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, सातबारा उतारा, परीक्षेचे प्रवेशपत्र यांपैकी बहुतेक गोष्टींना अंतिम तारीख असते. त्या दिवशी यंत्राने मान टाकली, तर नुकसान यंत्रमालकापेक्षा रांगेतील विद्यार्थ्याचे अधिक होते.

आधी निदान, मग औषध

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी संगणक नेमका कशामुळे मंदावला आहे, हे पाहावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यातील ‘परफॉर्मन्स’ हा विभाग दहा मिनिटे न्याहाळावा. विंडोज १० वा त्यापुढील आवृत्तीत डिस्कचा वापर सतत शंभर टक्क्यांच्या आसपास दिसला, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर रॅम अपुरी आहे. डिस्क व मेमरी मोकळी असूनही सीपीयू सतत शंभरावर असेल, तरच प्रोसेसरकडे वळावे. मात्र त्याआधी एखादा व्हायरस किंवा नको असलेला प्रोग्राम तर सीपीयू खात नाही ना, याची खात्री करावी.

काही तक्रारी तर पैसे न खर्च करताच दूर होतात. संगणकाचे घड्याळ दर वेळी मागे जात असेल आणि संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडत नसतील, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो. सीआर२०३२ या क्रमांकाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संगणक सुरूच होत नसेल आणि नुसताच ‘बीप’ आवाज येत असेल, तर बऱ्याचदा रॅमच्या सोनेरी कडेवर दमट हवेने थर धरलेला असतो. वीजपुरवठा पूर्ण बंद करून, रॅम काढून, ती कड साध्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवल्यास यंत्र अनेकदा जिवंत होते. काही मिनिटांनी आपोआप बंद पडणारे यंत्र तापत असते. पंख्यातील धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे, हा त्यावरचा अल्पखर्चिक उपाय होय.

पहिला मान एसएसडीला

जुन्या संगणकात एकच गोष्ट बदलणे शक्य असेल, तर ती हार्ड डिस्क असावी. कारण साधे आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर एक काटा माहिती शोधत हिंडतो. प्रत्येक शोधास त्याला साधारण दहा ते पंधरा मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात आणि तेथेच वेळ जातो. सॉलिड स्टेट ड्राइव्ह अर्थात एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे तोच शोध मिलिसेकंदाच्या साधारण दहाव्या भागात संपतो. दोन-तीन मिनिटांत सुरू होणारा संगणक एसएसडी बसवल्यावर बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो.

मदरबोर्ड जुना असल्याने एसएसडीचा उपयोग होणार नाही, असे कधीकधी सांगितले जाते. ते खरे नाही. एच६१ या चिपसेटचे मदरबोर्ड आपल्याकडे मोठ्या संख्येने खपले. त्यांवरील सॅटा जोडणी सेकंदाला ३ गिगाबिट वेगाची, म्हणजे नव्या ६ गिगाबिट जोडणीच्या निम्मी आहे. तरीही फायद्याचा मोठा वाटा पदरात पडतो, कारण रोजच्या कामात निर्णायक ठरतो तो शोध घेण्याचा वेग, मोठी फाइल सलग वाहून नेण्याचा नव्हे.

खरेदी करताना मात्र ‘अडीच इंची सॅटा एसएसडी’ असेच मागावे. च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी अधिक वेगवान असली, तरी जुन्या मदरबोर्डवर तिला जागाच नसते. अडॅप्टर लावून ती बसवली, तरी जुना बायोस तिच्यावरून संगणक सुरू करू शकेलच असे नाही. कार्यालयीन कामासाठी २४० किंवा २५६ जीबी क्षमता पुरेशी असते. जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल, तर ती छायाचित्रे व कागदपत्रांच्या साठ्यासाठी तशीच जोडून ठेवावी. एसएसडीसोबत एक सॅटा केबल घ्यावी आणि एसएमपीएसला सॅटा विजेचे टोक मोकळे आहे काय, हे घरीच पाहावे. नसल्यास जुन्या चार पिनी टोकावरून सॅटा टोक देणारा जोड बाजारात मिळतो. ही केबल विसरल्यामुळे एसएसडी आठवडाभर खोक्यातच पडून राहिल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

रॅम : खाच पाहा, मगच पैसे काढा

दुसरा क्रमांक रॅमचा. ब्राउझरमध्ये चार-पाच संकेतस्थळे आणि जोडीला एखादी पीडीएफ फाइल उघडायची, तर ४ जीबी रॅम आज अपुरी पडते. ८ जीबीवर काम सुरळीत चालते. त्यापुढे १६ जीबीपर्यंत जाणे व्हिडिओ संपादन किंवा मोठी आरेखने करणाऱ्यांनाच उपयोगाचे. विंडोजची ३२-बिट आवृत्ती असेल, तर ४ जीबीहून अधिक रॅमचा उपयोग होत नाही. अशा वेळी आधी ६४-बिट आवृत्ती टाकून घ्यावी.

रॅमच्या पिढ्या परस्परांत चालत नाहीत. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या प्रत्येक प्रकारात पट्टीच्या कडेवरील खाच वेगळ्या जागी असते आणि लागणारा विद्युत दाबही वेगळा असतो. ढोबळ मानाने पाहता, २००९ पूर्वीच्या यंत्रात बहुधा डीडीआर२, त्यानंतर २०१५-१६ पर्यंतच्या यंत्रात डीडीआर३ आणि पुढील यंत्रांत डीडीआर४ आढळते. परंतु अंदाजावर विसंबू नये. सध्याच्या रॅमवरील चिठ्ठीचे छायाचित्र मोबाइलमध्ये घ्यावे किंवा ‘सीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्राममधून प्रकार, वेग व मोकळ्या खाचा यांची नोंद करावी.

येथे एक सापळा आहे. स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर३ पट्ट्या केवळ एएमडी प्रोसेसरच्या यंत्रांवर चालतात. इंटेलच्या यंत्रावर त्या लावल्या तर पडदा काळाच राहतो. वेष्टनावर वा चिठ्ठीवर बारीक अक्षरांत तसा उल्लेख असतो. ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्यास ‘ड्युअल चॅनल’चा लाभ मिळतो आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात तो विशेष जाणवतो. म्हणून ४ जीबीची एक पट्टी आधीच असेल, तर तशीच दुसरी घेणे सर्वांत किफायतशीर.

भावाबाबतही दोन शब्द. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांपासून जगभर रॅमचे दर झपाट्याने वाढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि चिप उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. परिणामी सामान्य ग्राहकाच्या वाट्याला येणारा माल महागला. एसएसडीलाही त्याची झळ लागली. मायक्रॉन या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या परिचित ‘क्रुशियल’ नाममुद्रेचा ग्राहक व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. त्यामुळे मागील वर्षी शेजाऱ्याने कितीला रॅम आणली, हा हिशेब आज लागू पडत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी दोन दुकानांत दूरध्वनीवर दर विचारूनच पैसे बांधावेत. डीडीआर३ यंत्र असलेल्यांना एक पळवाट आहे : मोडीत निघालेल्या यंत्रांतील चालू रॅम. रॅममध्ये झिजणारा भाग नसल्याने ती जुनी घेण्यात फारसा धोका नसतो. मात्र दुकानातच लावून दाखवण्याचा आग्रह धरावा.

वीज हाच खरा शत्रू

शहरातील लेखांत सहसा उपेक्षिला जाणारा, परंतु जव्हार-मोखाड्यात कळीचा ठरणारा भाग म्हणजे वीजपुरवठ्याचा. सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेल्या जव्हारच्या परिसरात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस, दाट धुके, विजांचा कडकडाट आणि खंडित वीज यांची संगत असते. नवी एसएसडी आणि रॅम घालून यूपीएस मात्र बंदच ठेवणे, म्हणजे घराला नवे दार बसवून कुलूप न लावण्यासारखे आहे.

काम चालू असताना अचानक वीज गेली, तर लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहून विंडोज बिघडू शकते. हार्ड डिस्कच काय, एसएसडीलाही हा धोका आहे. साध्या कार्यालयीन डेस्कटॉपला ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस पुरतो. काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्याइतका वेळ त्यातून मिळतो आणि त्याचा उद्देशही तेवढाच असतो. ‘लाइन इंटरॲक्टिव्ह’ प्रकारच्या यूपीएसमध्ये विद्युत दाब सावरण्याची सोयही असते. जुना यूपीएस दोन मिनिटेही तग धरत नसेल, तर तो टाकून देऊ नये. बहुधा त्यातील १२ व्होल्टची बॅटरीच संपलेली असते आणि तेवढीच बदलली की काम भागते. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही जोडू नये. तो तापताना एकदम मोठा विद्युतभार खेचतो. घरी इन्व्हर्टर असल्यास त्यावरील ‘यूपीएस मोड’चे बटण चालू आहे काय, तेही पाहावे.

यूपीएसइतकेच महत्त्व एसएमपीएसला, म्हणजे संगणकाच्या पेटीतील वीजपुरवठा पेटीला आहे. खोक्यावर ४५० वॅट छापलेला अतिस्वस्त एसएमपीएस तेवढी शक्ती देईलच असे नाही, आणि जळताना तो मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो. साध्या यंत्राला प्रत्यक्षात शंभर वॅटही क्वचितच लागतात. म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा नावाजलेला निर्माता आणि हमीची मुदत पाहावी. भिंतीतील सॉकेटला अर्थिंग आहे काय, हे वायरमनकडून एकदा तपासून घेणे हा याच खर्चाचा भाग समजावा. विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि इंटरनेटची तांब्याची तारही सोडवावी.

दमट हवेवरचा सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद न ठेवणे. दिवसाआड अर्धा तास जरी ते चालू ठेवले, तरी आतील उष्णतेने ओल धरत नाही. सुटीत बंद राहणाऱ्या शाळांच्या प्रयोगशाळांनी याची विशेष दखल घ्यावी. पेटीच्या मागील उघड्या फटींना पट्ट्या लावून घ्याव्यात. पाली व मुंग्या आत शिरून एसएमपीएस जळण्याचे प्रकार ग्रामीण भागात सर्रास घडतात.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड : मोहाचा प्रदेश

प्रोसेसर बदलल्याने संगणक ‘नवा’ होतो, हा समज फार पक्का आहे. वस्तुतः एसएसडी व रॅम यांनंतरच त्याचा विचार करावा. प्रत्येक मदरबोर्डवर ठरावीक सॉकेटचाच प्रोसेसर बसतो. इंटेलचा एलजीए ७७५ हा कोअर टू ड्युओच्या काळातील, एलजीए ११५५ हा दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या कोअर मालिकेचा, तर एलजीए ११५० हा चौथ्या पिढीचा सॉकेट. या क्रमांकांत एका आकड्याचा फरक असला, तरी प्रोसेसर बसत नाही.

फायद्याचा ठरणारा एक प्रसंग असा : एच६१ मदरबोर्डवर पेंटियम किंवा आय३ प्रोसेसर आहे आणि जुन्या बाजारात त्याच सॉकेटचा आय५ माफक दरात मिळतो. दोन गाभ्यांच्या जागी चार गाभे मिळाल्याने अनेक कामे एकत्र करताना फरक जाणवतो. मात्र दुसऱ्या पिढीच्या काळातील बोर्डवर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर लावण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावा लागू शकतो, आणि ते काम जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करावे लागते. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, म्हणून तो जुना घेण्यास हरकत नाही.

मदरबोर्डच निकामी झाला असेल, तर मात्र थांबून विचार करावा. एच६१ किंवा जी४१ चिपसेटचे नवे बोर्ड अल्पपरिचित निर्मात्यांकडून आजही विकले जातात. ते बसवले की यंत्र चालू होते, पण तंत्रज्ञान दीड दशकापूर्वीचेच राहते. कोअर टू ड्युओच्या पिढीतील यंत्रावर तर यापुढे नवा खर्च करूच नये, असा सल्ला द्यावा लागेल. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज खेळ, आरेखन वा व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनाच असते. अर्ज भरणे, टंकलेखन आणि ऑनलाइन वर्ग यांसाठी ते घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

विंडोज १० नंतर काय?

सुटे भाग निवडताना ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न टाळता येत नाही. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा सुधारणांची मुदतवाढ योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि सर्वसाधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. ही आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली, म्हणजे त्यापूर्वीची बहुतेक यंत्रे अधिकृत यादीच्या बाहेर राहतात. काही तंत्रज्ञ अट चुकवून विंडोज ११ टाकून देतात. परंतु पुढील सुधारणा मिळत राहतील याची हमी कोणी देत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की जुन्या यंत्रावर खर्च करताना ते कशासाठी वापरणार, हे आधी ठरवावे. बँकेचे व्यवहार आणि नागरिकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या सेवा केंद्रांनी असुरक्षित विंडोजवर फार काळ विसंबू नये. शाळेची प्रयोगशाळा, टंकलेखनाचा सराव आणि घरचा अभ्यास यांसाठी लिनक्स हा विनामूल्य आणि सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते आणि ४ जीबीवर सुखाने चालते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही आहे. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. मात्र सेवा केंद्रचालकांनी अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीची चावी, स्कॅनर व प्रिंटर लिनक्सवर चालतात काय, याची खात्री केल्याशिवाय विंडोज काढून टाकू नये. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. हार्ड डिस्कला हात न लावता ही चाचणी करता येते.

एसएसडी बसवताना प्रणाली नव्याने टाकावी, हे उत्तम. त्याआधी सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती, एक पेन ड्राइव्हवर वा बाहेरील डिस्कवर आणि दुसरी अन्यत्र, करून ठेवाव्यात. कुरकुर आवाज करणाऱ्या हार्ड डिस्कवरून प्रत काढण्याचे काम उद्यावर ढकलू नये.

पैशांची वाटणी

अंदाजपत्रक आखताना पुढील क्रम ठेवावा. हाती अगदी थोडी रक्कम असेल, तर सेल बदलणे, साफसफाई आणि यूपीएसची बॅटरी. त्याहून थोडी अधिक असल्यास सॅटा एसएसडी. त्यानंतर रॅम ८ जीबीपर्यंत नेणे. मग विश्वासार्ह एसएमपीएस. आणि यानंतरही पैसे उरले व गरज सिद्ध झाली, तर जुन्या बाजारातील प्रोसेसर.

खर्चाला मर्यादाही हवी. कंपन्यांनी वापरून विकलेले, दुरुस्त केलेले कार्यालयीन डेस्कटॉप नाशिक व मुंबईत मिळतात. अशा आठव्या पिढीच्या यंत्राचा दर विचारावा. आपल्या जुन्या यंत्रावरील एकूण खर्च त्या दराच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडून ते यंत्रच घेणे शहाणपणाचे. मात्र नाममुद्रित कार्यालयीन यंत्रांच्या, विशेषतः लहान आकाराच्या पेट्यांत एसएमपीएस व मदरबोर्ड त्या कंपनीच्याच खास घडणीचे असतात. ते बिघडले, तर बाजारातील साधा भाग बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रयोगशाळांचा हिशेब वेगळा आहे. दहा यंत्रांपैकी चार बंद असतील, तर दहाही दुरुस्त करण्याऐवजी बंद चारमधील चालू रॅम, पंखे व केबल उरलेल्या सहांत घालाव्यात आणि पैसे त्या सहांच्या एसएसडीसाठी वापरावेत. दोन विद्यार्थ्यांनी वाटून घेतलेले चालू यंत्र हे प्रत्येकासमोर ठेवलेल्या बंद यंत्रापेक्षा केव्हाही बरे. शासकीय वा अनुदानित संस्थांनी मात्र जडसंग्रह नोंदवहीत अशा अदलाबदलीची नोंद करूनच पुढे जावे.

काय जुने घ्यावे, काय नवेच घ्यावे

प्रोसेसर, रॅम आणि पेटी जुनी चालेल. एसएसडी, एसएमपीएस आणि यूपीएसची बॅटरी नवीच घ्यावी, कारण या वस्तू वापराने झिजतात आणि त्यांचे उरलेले आयुष्य बाहेरून दिसत नाही. जुनी हार्ड डिस्क तर कोणत्याही दराने घेऊ नये. नव्या वस्तूंचे जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे आणि त्यावर वस्तूचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. ‘बिलाशिवाय स्वस्त’ घेतलेल्या वस्तूची हमी पहिल्या बिघाडालाच संपते. ऑनलाइन मागवताना आपल्या पिनकोडवर परत नेण्याची सोय आहे काय, हे आधी तपासावे. अनेक वस्तू घरपोच येतात खऱ्या, पण परत नेण्यास कोणी येत नाही.

बाजारात जाताना बरोबर न्यावयाची चिठ्ठी

- मदरबोर्डचा निर्माता, मॉडेल क्रमांक व चिपसेट
- प्रोसेसरचे पूर्ण नाव व सॉकेट
- रॅमचा प्रकार, वेग, सध्याची क्षमता व मोकळ्या खाचांची संख्या
- मोकळी सॅटा जोडणी व सॅटा विजेचे टोक आहे की नाही
- एसएमपीएसची क्षमता आणि यूपीएस बॅटरीवरील व्होल्ट व ॲम्पिअर-तासाचे आकडे
- पेटी उघडून काढलेली चार स्पष्ट छायाचित्रे
- ठरवलेली कमाल रक्कम

शक्य असल्यास जुनी रॅम पट्टी कागदी पाकिटात घालून सोबतच न्यावी. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा खाचेशी खाच लावून पाहणे सोपे जाते.

उरलेल्या भागांचे काय करावे?

काढलेले भाग उकिरड्यावर वा ओढ्याकाठी टाकू नयेत. मदरबोर्डमध्ये शिसे, तर यूपीएसच्या बॅटरीत शिसे व आम्ल असते. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याबाबतचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे जाणे त्यात अपेक्षित आहे. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारास परत दिली, तर किमतीत थोडी सूटही मिळते. हार्ड डिस्क देण्यापूर्वी तिच्यातील माहिती पूर्णपणे पुसावी. सेवा केंद्रांच्या डिस्कवर शेकडो नागरिकांची आधार व बँकेची कागदपत्रे असू शकतात. ती भंगारात जाऊ देणे हा केवळ निष्काळजीपणा नव्हे, तर लोकांच्या विश्वासाचा भंग ठरेल.

थोडक्यात, आधी निदान करावे, मग एसएसडी, त्यानंतर रॅम आणि या सर्वांना विजेचे संरक्षण द्यावे; प्रोसेसरचा मोह शेवटी ठेवावा. हा क्रम पाळला आणि चिठ्ठी खिशात असली, तर नाशिकची वा मुंबईची एकच फेरी पुरेशी ठरते. पावसाळ्याआधी, म्हणजे मे महिन्यात हे काम उरकले, तर जूनमध्ये प्रवेश अर्ज आणि दाखल्यांची गर्दी सुरू होईल तेव्हा जुनेच यंत्र भरवशाने कामाला येईल.